टेलिफोन एक्सचेंजमधली कप्तान

देशाच्या बायकांच्या क्रिकेट संघाची पहिलीवहिली नाणेफेक माझ्या बहिणीनं जिंकली नाही आणि हरलीही नाही. तिनं ती झेलली.

म्हणजे झालं असं, की पाहुण्या संघाची कप्तान, आमची कप्तान आणि मधे पंच, असे तिघे पिचवर उभे होते. पंचांनी नाणं उडवलं. पाहुणी "छापा" म्हणून मोकळी झाली. आमच्या ताईला मात्र एवढंच दिसलं, की काहीतरी चकाकत वरून खाली येतंय आणि जमिनीवर पडणार आहे. झालं! इतक्या वर्षांची सवय. तिनं उजवीकडे झेप घेतली, एका हातात नाणं पकडलं आणि दोन्ही हात आभाळात फेकून ओरडली, "आउट!"

बाकांवरची माणसं पोट धरून हसली. पंचांनी कपाळाला हात लावला. नाणं पुन्हा उडवावं लागलं, आणि या खेपेला पंचांनी ताईला आधी हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं, शाळेतल्या व्रात्य मुलीला सांगतात तसं. मी तंबूच्या दारात ग्लव्हज चढवत होते. मी त्या संघाची विकेटकीपर आणि तिची पाठची बहीण. तेव्हा मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही, बरंचसं स्टंपांच्या मागे वाकून पाहिलेलं आहे.

आमचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घरभर दोरे. जेवणात दोरा निघाला तर आमच्याकडे कुणी तक्रार करत नसे, फक्त रंग कुठला एवढं बघून "काकूंचा कोट दिसतोय" म्हणायचं आणि पुढचा घास घ्यायचा. घरामागे एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या पलीकडे दाताच्या डॉक्टरांचं अंगण. दादा आणि त्याचे मित्र बोळात क्रिकेट खेळायचे आणि चेंडू हटकून डॉक्टरांच्या अंगणात जायचा. अंगणाला लोखंडी गजांचं फाटक, त्याला भलंमोठं कुलूप. त्या गजांमधून सगळ्या गल्लीत एकाच प्राण्याचं डोकं जायचं, ते ताईचं. डोकं गेलं की बाकीचं जातंच, हे शास्त्र तिला मांजरीनं शिकवलं असावं. त्यामुळे तिला खेळायला घेत नसत, पण तिच्यावाचून खेळही होत नसे.

एकदा डॉक्टरांनी तिला रंगेहाथ पकडलं. हातातला चिमटा नाचवत म्हणाले, "पुन्हा आत आलीस तर दात काढीन!"

"काढा की," ताई म्हणाली. "दुधाचेच आहेत."

डॉक्टरांनी चिमटा खिशात घातला. त्यांनी तिला चेंडू देऊन टाकला.

मग एके दिवशी तिनं संप केला. चेंडू आणायला आत गेली आणि तो हातात घेऊन तिथेच मांडी ठोकून बसली.

"ताबडतोब बाहेर ये," दादा गजांना नाक लावून म्हणाला.

"मला एक ओव्हर टाकायला देणार असाल तर येते."

"तुझं काय काम आहे खेळात?"

"मग चेंडूचं तरी काय काम आहे? तो पण राहील इथंच."

दादानं दम दिला, लाडीगोडी लावली, आईला सांगेन म्हणाला. ताई ढिम्म. शेवटी मित्रच कंटाळले आणि म्हणाले, "टाकू दे रे, एकच तर ओव्हर आहे." ताई बाहेर आली, फ्रॉक सावरत धावत आली, हात गरगर फिरवला आणि पहिल्याच चेंडूला दादाचा स्टंप, म्हणजे बाबांची इस्त्री करायची फळी, धाडकन आडवी पाडली.

"नो बॉल!" दादा ओरडला.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

तेवढ्यात भिंतीवरून डॉक्टरांचं डोकं वर आलं. "बाद आहे," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलंय. आता खेळा नाहीतर घरी जा, माझा पेशंट आ वासून बसलाय."

त्या दिवसापासून ताई संघात. मी तेव्हा इतकी लहान होते, की मला फळीच्या मागे उभं करायचे. चेंडू अडला तर बरं, नाही अडला तरी माझं रडं ऐकून कुणीतरी धावत यायचंच. माझी विकेटकीपिंग अशी सुरू झाली.

गल्लीत ताईचं नाव पडलं तोफ. खेळामुळे नव्हे, आवाजामुळे. ती "माझा!" म्हणून ओरडली की बाबांच्या मशीनवरचा पाय थांबायचा आणि समोरच्या घरातलं तान्हं बाळ जागं व्हायचं. आई म्हणायची, "अगं, सासरी गेलीस की माहेरी निरोप पाठवायला माणूस लागायचं नाही. खिडकीत उभी राहा आणि हाक मार."

एवढ्या आवाजाच्या मुलीला नोकरी कुठं लागावी? टेलिफोन एक्सचेंजमध्ये! एक लांबच लांब खोली, भिंतीला लागून बोर्डांची रांग, प्रत्येक बोर्डावर शेकडो भोकं, लुकलुकणारे दिवे, आणि त्यांच्यापुढे उंच खुर्च्यांवर कानाला यंत्र लावून बसलेल्या मुली. दिवा लागला की दोरीची पिन भोकात घालायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरी पिन दुसऱ्या भोकात घालायची, आणि दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागायची. पहिल्याच दिवशी ताई "नंबर सांगा!" असं म्हणाली आणि पलीकडच्या गृहस्थांनी घाबरून फोनच ठेवला. देखरेखीवर असलेल्या मोठ्या बाई तिच्यापाशी आल्या. "मुली," त्या म्हणाल्या, "हळू बोल. तुला टेलिफोनची गरज नाही हे आम्हाला कळलं."

पुढे मीही तिथंच लागले. हाताचं काम असं, की डोळा इकडे आणि हात तिकडे. उजव्या हातानं जोडायचं, डाव्यानं तोडायचं, आणि तिसरा दिवा लागण्याआधी त्याच्याकडे झुकायचं. मला आता वाटतं, की देशातलं सगळ्यात चपळ क्षेत्ररक्षण त्या खोलीत खुर्चीवर बसून चाललं होतं. आम्हालाच ते माहीत नव्हतं.

दरवर्षी कचेरीचे खेळ व्हायचे. पुरुषांचं क्रिकेट आणि बायकांची संगीत खुर्ची. त्या वर्षी ताईनं संगीत खुर्ची जिंकली, पण जिंकताना मुख्य इंजिनिअरच्या बायकोला असं काही बाजूला सारलं, की ती बाई थेट बँडवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर गेली तर ताई म्हणाली, "हे मला नको. पुढच्या वर्षी आम्हालाही क्रिकेट द्या."

खेळांची जबाबदारी हिशेबखात्यातल्या हेडक्लार्कांकडे होती. स्वभावानं भला माणूस, पण मिशीला सारखा पीळ देण्याची सवय. "बाई," ते हसत म्हणाले, "चेंडू कडक असतो. लागला तर रडू येतं."

"तुम्हाला रडू येतं का?"

"मला? छे!"

"मग आमच्याशीच खेळा. कोणाला येतं ते बघू."

सगळ्यांसमोर ठरलं. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही, कुणालाच.

एक्सचेंजच्या मागच्या आवारात आम्ही सराव सुरू केला. तिथं केबलची मोठमोठी लाकडी रिळं पडलेली असत. त्यातलंच एक उभं करून त्याचे स्टंप केले. रीळ चांगलं दाराएवढं रुंद, त्यामुळे बॅटला न लागलेला प्रत्येक चेंडू म्हणजे विकेट. आमचा बचाव जो पक्का झाला तो त्या रिळामुळे. आणि धावा घेताना ओरडायचं काय, तर आमच्या तोंडात जे शब्द दिवसभर असत तेच आले. "जोडा!" म्हणजे पळ. "होल्ड!" म्हणजे आहेस तिथंच थांब. "लाइन कट!" म्हणजे अर्ध्यातून मागे फिर, नाहीतर मेलीस. ऐकणाऱ्याला वाटायचं या पोरींना कामाचं वेड लागलंय.

सामन्याच्या दिवशी अख्खी कचेरी लोटली. हेडक्लार्कांनी बाईमाणूस म्हणून पहिला चेंडू ताईला इतका अलगद टाकला, की जणू फूलच वाहिलं. ताईनं तो कँटीनच्या छपरावर भिरकावला. दुसरा त्यांनी जरा जोरात टाकला, तो गेला चहाच्या पिंपात. थेट! झाकण उघडं होतं. त्या दिवशी कुणाला चहा मिळाला नाही आणि आम्हाला टाळ्या वाजवणारे लोकच दातओठ खायला लागले. तिसऱ्या चेंडूला हेडक्लार्कांनी कोट काढला. सभ्यपणा कोटाबरोबरच गेला. मग जी जुंपली म्हणता! आम्ही हरलो, पण असे हरलो, की शेवटच्या ओव्हरला हिशेबखात्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सामना संपल्यावर हेडक्लार्क लंगडत लंगडत ताईकडे आले, कारण तिचा एक चेंडू त्यांच्या नडगीवर बसला होता.

"आलं का रडू?" ताईनं विचारलं.

"थोडंसं," ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून रोज कामावरून सुटल्यावर आम्हाला बॉलिंग टाकायला यायला लागले.

आमच्या नशिबात पुढचं पान उघडलं ते एका तक्रारीनं. एका निवृत्त शिक्षिकेला, शाळेत व्यायाम शिकवायच्या त्यांना, फोनवर सारखा चुकीचा नंबर मिळत होता. त्या स्कूटरवरून तणतणत एक्सचेंजला आल्या. गळ्यात अजून शिट्टी होतीच. मोठ्या बाईंना शोधत शोधत त्या चुकून मागच्या आवारात शिरल्या आणि बघतात तो काय, पोरी चेंडूवर झडप घालतायत! व्यायामाच्या बाईंनी जोरात शिट्टी फुंकली. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या.

"तुमची कप्तान कोण?"

सगळ्यांनी ताईकडे बोट केलं. ताईनं मागे वळून पाहिलं, कोणाकडे दाखवतायत म्हणून.

तक्रार करायला आलेल्या बाई संघ घेऊन घरी गेल्या. त्यांना कित्येक दिवस बायकांच्या क्रिकेटची संघटना काढायची होती, फक्त खेळणाऱ्या बायका सापडत नव्हत्या. संघटनेची कचेरी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल. तिथं ठराव व्हायचे आणि तिथंच कांदे चिरले जायचे. त्यामुळे सुरुवातीच्या सगळ्या ठरावांच्या वेळी सभासदांचे डोळे भरून आलेले असत.

इतर गावांतूनही हळूहळू संघ आले. कुठल्या कापडगिरणीतल्या मुली, कुठल्या दवाखान्यातल्या नर्सा, कुठल्या वसतिगृहातल्या. सामन्याला गेलो की आम्ही शाळेच्या वर्गात झोपायचो, बाकं भिंतीला सारून. फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं, "शांत बसा." शांत! पंधरा मुली आणि त्यात आमची तोफ! पॅडचे जोड कमी, त्यामुळे बाद झालेली बाई मैदानाबाहेर पळत यायची, पुढची तिच्यावर तुटून पडायची, एक जण डावा पट्टा सोडते, दुसरी उजवा, तिसरी ग्लव्हज ओढते. दुरून बघणाऱ्याला वाटावं, की बाद झाली म्हणून हिला मारतायत.

संघटनेचा नियम होता, की बायकांनी स्कर्ट घालूनच खेळायचं. ताईला डाइव्ह मारायची असे. गुडघे सोलून यायची. आई औषध लावता लावता कुरकुरायची, "असले गुडघे दाखवून तुला कोण पसंत करणार आहे?" शेवटी बाबांनी चष्मा कपाळावर सारला, खडू हातात घेतला आणि विचारात पडले. दोन दिवसांनी त्यांनी एक कपडा तयार केला. उभं राहिलं की स्कर्ट, पळायला लागलं की विजार. व्यायामाच्या बाईंनी तो उलटून पालटून बघितला.

"हे नक्की काय आहे?"

"उभ्या उभ्या नियम पाळतं," बाबा म्हणाले. "पळताना कोण बघतंय?"

सगळ्या संघाचे कपडे बाबांनी शिवले. गिऱ्हाइकांचे कोट खोळंबले. "सामना झाल्यावर या," ते सांगायचे, आणि गिऱ्हाईकही विचारायचं, "कधी आहे?"

आता लग्नाची गोष्ट सांगते, कारण तीही मैदानावरच झाली. एका सामन्यात ताई रंगात आलेली असताना पंचांनी तिला पायचीत दिलं. पंच म्हणजे एक तरुण गृहस्थ, चष्म्याच्या दुकानाचे मालक, सुट्टीच्या दिवशी हौसेनं पंचगिरी करणारे. बोट वर झालं. ताई त्या बोटाकडे बघतच राहिली. कप्तान होती ना, बॅट काखेत मारून निघून आली. पण सोमवारी दुकान उघडायच्या आत ती त्यांच्या पायरीवर हजर. मला साक्षीला घेऊन गेली होती.

"तुम्ही लोकांचे डोळे तपासता," ती म्हणाली. "स्वतःचे कधी तपासलेत?"

"दरवर्षी तपासतो," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"बसा. समोरची अक्षरं वाचा."

ताई तोऱ्यात बसली. पहिली ओळ धडाधड वाचली. दुसरी जरा थांबत. तिसऱ्या ओळीला म्हणाली, "इथं काही लिहिलेलं नाही."

मी खाली मान घातली, कारण तिसरी ओळ मला दारातून दिसत होती.

"तुम्हाला चेंडू कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? दोन दिसतात. सगळ्यांना दोनच दिसतात ना? मी खालचा मारते."

त्या गृहस्थांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी एकेक काच तिच्या डोळ्यापुढे धरली, बदलली, पुन्हा धरली, आणि एका क्षणी ताई किंचाळली. रस्त्यावरची सायकल आडवी झाली. "अगं!" ती मला म्हणाली, "तुझ्या नाकावर तीळ आहे!"

चष्मा लावून ती बाहेर पडली आणि घरापर्यंत मोठमोठ्यानं पाट्या वाचत आली. झाडाची पानं सुटी सुटी दिसतात म्हणून झाडाखाली थांबली. त्या मोसमात तिनं बॉलर मंडळींची जी काही दशा केली ती सांगत नाही, त्यातल्या काही जणी अजून माझ्याशी बोलतात. चष्मा सैल झाला म्हणून ती दर आठवड्याला दुकानात जायची. चष्मा काही इतका सैल होत नसतो, हे बाबांच्या सर्वांत शेवटी लक्षात आलं. लग्नाची मागणी घालताना भावोजींनी फक्त एक अट घातली, की त्या दिवशी ती बाद होती हे तिनं कबूल करावं. तिनं केलं नाही. त्यांनी तरीही लग्न केलं.

मग पाहुणा संघ येणार अशी बातमी आली. परदेशातल्या बायका, खऱ्याखुऱ्या, आपल्याशी तीन दिवसांचा सामना खेळायला! स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती निवड समिती बसली. कप्तान कोण यावर वाद पेटला. एक म्हणे गिरणीतली मुलगी, एक म्हणे नर्स. व्यायामाच्या बाईंनी पोळपाट आपटला. "मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या बाईला इकडून सांगितलेलं ऐकू जायला हवं," त्या म्हणाल्या. "कोणाचं जाईल?" वाद मिटला. ताईला फोन करायला गेल्या तर तो घ्यायला बोर्डावर नेमकी मीच होते. "जोडून देते," असं मी म्हणाले, आणि जोडायचं सोडून खुर्चीवर उभी राहून नाचले. बोर्डावरचे सगळे दिवे लागले तरी कुणी पिन घालीना. शहर पाच मिनिटं मुकं झालं होतं, असं म्हणतात.

नाणेफेकीचं मी सांगितलंच. पुढचे दोन दिवस नुसती धुमश्चक्री. पाहुण्यांची सगळ्यात भारी बॅट्सवुमन ताडमाड उंच होती. आम्ही तिला शिडी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची शेवटची जोडी खेळत होती, त्यातली एक ही शिडी, आणि धावा इतक्या थोड्या उरलेल्या, की दोन चांगले फटके बसले की आटोपलं. ताईनं चेंडू मुंगीच्या हातात दिला. मुंगी म्हणजे आमच्याच एक्सचेंजमधली एक चिमुकली मुलगी, जगातला सर्वांत हळू चेंडू टाकणारी. तिचा चेंडू हातून सुटला की माणसाला जांभई द्यायला वेळ मिळे.

शिडी समोरच्या टोकाला उभी होती. इकडच्या बाईचा धीर सुटला. तिनं आंधळेपणानं बॅट फिरवली आणि चेंडू सरळ वर गेला. आभाळात! दोघी धावायला निघाल्या. चेंडूखाली मी धावले, मुंगी धावली, आणि तिकडून ताई धावत आली. तिघींची टक्कर होणार हे बाकांवरच्या आईलाही दिसलं, ती छत्री टाकून उभी राहिली. तेवढ्यात तोफ उडाली.

"होल्ड! होल्ड करा!"

मी स्टंपांपाशी खिळले. मुंगी एक पाय वर घेऊन थांबली. आणि शिडी, पिचच्या अगदी मधोमध, एका हातात बॅट आणि दुसरा हात कानाशी, पुतळ्यासारखी उभी! तिची जोडीदारीण पलीकडे पोचून आपल्या भाषेत किंचाळतेय, ही हलायला तयार नाही.

चेंडू ताईच्या हातात आला. हातातून छातीवर आपटला. छातीवरून उडाला आणि माझ्या बुटापाशी येऊन पडला. ताईनं देशाचा सगळ्यात सोपा झेल सोडला होता.

मी चेंडू उचलला आणि स्टंप उडवले. धावचीत. जिंकलो!

पुढचं मला नीट आठवत नाही. कुणी कुणाला उचललं, कुणाचा बूट कुठे गेला, बाबा कुंपण ओलांडून कसे आले. हेडक्लार्कांना त्या दिवशी रडू आलं, आणि थोडंसं नाही. आई मला गदागदा हलवून विचारत होती, "आपणच ना? आपणच जिंकलो ना? मग ती उंच मुलगी का हसतेय?"

शिडी खरोखरच पोट धरून हसत होती. संध्याकाळी चहाच्या वेळी उलगडा झाला. ती ताईपुढे येऊन उभी राहिली, डोक्यावर नसलेलं यंत्र चढवलं, हवेत एक पिन घातली, दुसरी घातली, आणि गोड आवाजात म्हणाली, "होल्ड."

ताईचे डोळे विस्फारले. "तू पण? एक्सचेंज?"

शिडीनं मान डोलावली. तिकडच्या कुठल्याशा शहरात ती आमच्यासारखीच बोर्डावर बसायची. कानावर होल्ड पडलं की हातपाय थांबलेच! दोघी गळ्यात पडल्या आणि चहा सांडला.

पेपरात छापून आलं, "कप्तानांची अपूर्व चाल, झेल सोडण्याचा बेमालूम बहाणा." ताईनं ते कात्रण भिंतीवर लावलं. भावोजी त्याच्यासमोरून जाताना दर वेळी म्हणायचे, "ओरडून पळणारीला थांबवणं नियमात बसत नाही. डेड बॉल द्यायला हवा होता." मग ताई म्हणायची, "तुम्ही पंच नव्हतात, हे देशाचं नशीब." या भांडणावर त्यांचा संसार उत्तम चालला.

त्यानंतर आम्ही परदेशी गेलो आणि सगळे सामने हरलो. सगळे! तिथल्या थंडीत चेंडू हाताला लागला की हात कुठे आहे ते शोधावं लागे. परतताना विमानात सगळ्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. ताई उठली आणि मधल्या वाटेत उभं राहून तिनं प्रत्येक जण कशी बाद झाली त्याची नक्कल करून दाखवली. स्वतःची सर्वांत शेवटी. उतरताना आम्ही इतक्या हसत उतरलो, की स्वागताला आलेल्यांना वाटलं चुकीचा निकाल कळला.

मुलगी झाली तेव्हा ताई मोसमाच्या मधोमध होती. लगेचच मैदानावर आली. बाळ भावोजींच्या मांडीवर आणि भावोजी पॅव्हेलियनमध्ये. बाळानं टाहो फोडला की पंच आपणहून पाणी पिण्याची सुट्टी जाहीर करत. गंमत म्हणजे या मुलीला पुढे क्रिकेटचा मनस्वी कंटाळा आला. ती पोहायला लागली. "निदान तिथं ओरडता येत नाही," असं तिचं म्हणणं.

आणि मग एका वर्षी कप्तानी गेली. निवड समितीनं तरुण मुलगी निवडली. मी फणकारले, राजीनामा देते म्हणाले. ताईनं मात्र भाकरी मोडावी तसा तो विषय मोडला. "अगं, मला चेंडू उशिरा दिसायला लागलाय. आता एकच दिसतो, पण उशिरा," ती म्हणाली. पुढच्या सामन्यात ती राखीव खेळाडू होती. पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात अशी धावत गेली, की टाळ्या तिलाच सगळ्यांत जास्त पडल्या. नवी कप्तान गोंधळून तिच्याकडे बघायला लागली, तर ताई पाणी ओतत हळूच म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात ती फार थोड्या वेळा हळू बोलली, "घाबरू नकोस. मला पण काही कळायचं नाही. जोरात सांगायचं, म्हणजे खरं वाटतं."

एक्सचेंजमध्ये पुढे आपोआप नंबर जोडणारी यंत्रं आली आणि लांब खोलीतल्या उंच खुर्च्या गेल्या. ताईला तक्रारविभागात बसवलं. लोक फोनवर तावातावानं तक्रार करायचे आणि तिनं एकदा "बोला!" म्हटलं की तक्रार मागे घ्यायचे. संध्याकाळी ती मुलींना शिकवायची. त्यातल्या किती जणी पुढे देशाकडून खेळल्या हे ती मोजत बसत नाही, पण त्यांच्यातल्या कुणी टीव्हीवर झेल सोडला की सोफ्यावरून इतकी ओरडते, की शेजारी समजतात, आज मॅच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत आज्या विरुद्ध नाती असा सामना झाला. ताईचे दोन्ही गुडघे आता डॉक्टरांच्या मेहेरबानीवर चालतात, म्हणून तिनं पळायला रनर मागितली. रनर कोण? मी! माझे गुडघे काही फार तरणेताठे नाहीत, पण मोठ्या बहिणीपुढे कुणाचं चालतंय? मी बाजूला उभी राहिले. ताईनं बॅट फिरवली, चेंडू गुलाबाच्या वाफ्यात गेला, आणि मी जीव खाऊन पळत सुटले. अर्ध्या वाटेत बघते तर माझ्या शेजारून कोण पळतंय? ताई! रनर घेतलेली बाई स्वतःच पळत होती, आणि माझ्यापेक्षा जोरात!

"तू कशाला पळतेस?" मी धापा टाकत ओरडले.

"मारल्यावर उभं राहवत नाही गं!"

आम्ही दोघी एकाच टोकाला पोचलो, एकमेकींवर आदळलो आणि तिथंच बसलो. तिकडे नातींनी आरामात चालत जाऊन ताईनं सोडलेल्या टोकाचे स्टंप उडवले. मला हसू इतकं अनावर झालं, की उठताच येईना. ताई बॅटला टेकून कशीबशी उभी राहिली, चष्मा सरळ केला, आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं,

"हिच्यामुळे बाद झाले!"